जाहीर सत्कार

पानमळ्यातले वेल उतरवायचे दिवस आले, की रामहरीच्या घरात कुणी कुणाशी भांडत नाही; भांडायला सवडच नसते. शेवरीच्या झाडावर दहा-बारा हात चढलेला वेल सोडवायचा, न मोडता खाली घ्यायचा, बुंध्याशी वेटोळं करून मातीत गाडायचा आणि शेंडा पुन्हा लव्हाळ्याच्या गवतानं शेवरीला बांधायचा. एकेका वेलाला चार हात लागतात, दोन शिडीवरचे आणि दोन खालचे. निमगाव केतकीत ज्यांचा पानमळा आहे, त्यांच्यात नवरा-बायकोचं कितपत जमतं हे या दिवसांत बरोबर कळतं.

गेल्या साली रामहरी याच शिडीवरून पडला होता. सकाळी आठ वाजता, तोंडाला वास, हातात वेल, आणि वेलासकट खाली. खांद्याचं हाड मोडलं. कौसल्येनं मजुरीच्या बाया लावून काम उरकलं, आणि त्या बायांनी दिवसभर तिच्या नवऱ्याचीच चर्चा केली, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. यंदा तो शिडीवर होता आणि त्याचा हात थरथरत नव्हता. येत्या गुरुवारी त्याला वर्ष होणार होतं. एक घोट न घेता एक वर्ष.

हे कसं झालं ते कौसल्येला अजून नीट उमगलं नव्हतं. खांदा मोडून तो दवाखान्यात पडला होता, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्याला भेटायला डाळजचे सर्जेराव आले होते. साठीचा माणूस, पांढरी टोपी, आवाज हळू. त्यांनी रामहरीला काही विचारलं नाही, उपदेशही केला नाही. स्टूल ओढून बसले आणि आपण कसे पीत होतो, गोठ्यात कसे पडत होतो, बायकोचे कानातले कसे विकले, हे असं सांगत राहिले, जसं कुणी आपल्या जुन्या आजारपणाचं सांगावं. कौसल्येच्या डोक्यात तिडीक गेली होती. घरात एक दारुडा काय कमी होता, म्हणून हा दुसरा येऊन बसला!

मग गुरुवारची बैठक सुरू झाली. बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राची एक खोली होती, तिच्यात सात-आठ जण पोत्यांवर गोल बसायचे. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. आणि तिथं जे ऐकलं ते तिथंच ठेवून यायचं, कुणाचं नावसुद्धा बाहेर न्यायचं नाही. "चार दारुडे एका जागी बसून काय दिवे लावणार?" असं कौसल्या सासऱ्याला, आप्पांना, म्हणालीही होती. आप्पांनी पोराला देवाला नेऊन माळ घातली होती, औषध चारलं होतं, एकदा खांबाला बांधून मारलं होतं. ते म्हणाले, "समदं करून झालं. ह्ये बी बघू."

आणि दिवे लागले! लग्नसराईत, वरातीची गाडी रस्त्यानं गेली की रामहरीला घाम फुटायचा. तेव्हा तो बैठकीतल्या शाहिदला फोन करायचा. शाहिद शाळेची व्हॅन चालवायचा. पोरं सोडली की व्हॅन बांधावर उभी करून मळ्यात यायचा आणि तासभर डिझेलच्या, टायरच्या, कशाच्याही गप्पा मारायचा. दारूचं नावही निघायचं नाही. तो गेला की रामहरी पुन्हा शिडीवर चढायचा. कौसल्या हे बघत होती. माळेनं झालं नाही, मारानं झालं नाही, ते या तासाभराच्या गप्पांनी होत होतं.

म्हणूनच तिचं तोंड सुटलं. चैत्राच्या हळदीकुंकवाला रणजितदादांच्या घरी आठ-दहा बाया बसल्या होत्या. रणजितदादा म्हणजे तरुण मंडळाचे अध्यक्ष, येत्या निवडणुकीचे उमेदवार. त्यांच्या बायकोनं, माधवीनं, सगळ्यांदेखत विचारलं, "रामभाऊंचं कसं हाय वं आता?" हा प्रश्न कौसल्येनं पंधरा वर्षं मान खाली घालून ऐकला होता. आज तिनं मान वर केली.

"येत्या गुरुवारी वरीस व्हतंय," ती म्हणाली, "शिवली बी न्हाय." मग तिला थांबताच येईना. सर्जेराव कसे आले, शाहिद कसा व्हॅन थांबवून येतो, सगळं सांगून झालं. फोनवरचा फोटोही दाखवला. सर्जेरावांना नऊ वर्षं पुरी झाली त्या दिवशी तिघांनी पेढे खाताना काढलेला, फक्त आपापल्यापुरता.

"किती ग्वाड हाय फोटू! मला पाठवा की. ह्यांना दाखवते," माधवी म्हणाली. कौसल्येनं तिथंच बसून पाठवला. हातावर अत्तर होतं, ओटीत हरभरे होते आणि छाती भरून आली होती.

तिची तरी काय चूक म्हणावी? या भागात कुणाचं काही चांगलं झालं, की त्याचा बोर्ड लागतो. पोरगी पास झाली, बोर्ड. वाढदिवस आला, बोर्ड. प्रदर्शनात म्हशीचा नंबर आला, तर म्हशीचासुद्धा बोर्ड. ज्याचा बोर्ड नाही त्याचं काही झालंच नाही, अशी सगळ्यांची समजूत. तिचीही होती.

बोर्ड मंगळवारी लागला. रामहरी लव्हाळा आणायला स्टँडकडे गेला होता, तो रिकाम्या हातानं परत आला आणि शिडीला टेकून उभा राहिला.

"फोटू कुणी दिला?"

"मी," कौसल्या म्हणाली. "माधवीवैनीला. का? चांगलंच लिवलं असंल की."

"चांगलं? वाघ म्हणलंय आमाला. वाघ!" त्याचा आवाज फाटला. "शाहिदचं नाव हाय. सर्जेरावांचं तर गावासकट हाय. अगं, त्यांच्या सुनंला ठावं न्हाय. तीन वरसं झाली तिला घरात यिऊन, तिला त्यांनी कळू दिलं न्हाय."

ती खोचलेल्या पदरानंच स्टँडवर गेली. वीस फूट लांब बोर्ड. डावीकडं हात जोडलेले रणजितदादा, बैलगाडीच्या चाकाएवढं तोंड. उजवीकडं तिघं, पेढे खाताना, कापून चिकटवलेले. 'दारूच्या राक्षसाला लोळवणाऱ्या वाघांचा भव्य जाहीर सत्कार, रविवारी सकाळी दहा वाजता.' खाली तिन्ही नावं, आडनावासकट. बोर्डाखाली उभे राहून दोघं-तिघं नावं मोठ्यानं वाचत होते आणि हसत होते. तिला बघून हसायचे थांबले. ते थांबणं तिला जास्त लागलं.

बुधवारी शाहिदची व्हॅन गेली. शाळेतल्या माणसानं त्याला शांतपणे सांगितलं, "पालकांचे फोन आल्यात. तू घेत न्हाईस ह्ये खरं, पर घेत व्हतास ह्ये बी खरं." चार वर्षांत त्याच्या व्हॅनला ओरखडा गेला नव्हता. पोरं त्याला मामा म्हणायची. शाहिदच्या आईला, बिस्मिल्लाबींना, पोराला पोटाचं दुखणं होतं असंच इतकी वर्षं वाटत होतं. त्यांना बोर्ड वाचता येत नव्हता. शेजारणीनं वाचून दाखवला. वाचून दाखवायला माणसं नेहमीच हजर असतात.

गुरुवार आला. रामहरीनं आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि बैठकीला निघाला. दूध केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर एरवी कुत्रं फिरकत नाही. त्या दिवशी बाकड्यावर बसायला जागा नव्हती. कोण कोण आत जातं ते बघायला माणसं जमली होती. "आला रं, वाघ आला!" कुणीतरी ओरडलं. रामहरीनं कुलपाला हातसुद्धा लावला नाही. तो वळला आणि घरी आला. बाकीच्यांनी लांबूनच गाड्या वळवल्या. बैठक झाली नाही, त्याच्या वर्षाचा पेढा कुणी वाटला नाही.

शुक्रवारी कौसल्या रणजितदादांच्या दारात उभी राहिली.

"दादा, तेवढा बोर्ड उतरवा. माझी चूक झाली. मी कुणाला न इचारता फोटू दिला."

रणजितदादा हसले. माणूस वाईट नव्हता, असं गावात सगळे म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. "वैनी, लाजायचं काय त्यात? चोरी केली का त्यांनी? तरुण पोरांपुढं आदर्श ठेवायचाय आपल्याला."

"शाहिदची नोकरी गेली, दादा."

"बघू की. दुसरी लावू. मंडप सांगितलाय, साऊंड सांगितलाय, तालुक्यातनं माणसं येणारेत. आता मागं घेतलं तर माझी काय शोभा ऱ्हाईल?"

माधवी दारामागं उभी होती. तिनं कौसल्येकडं बघितलं नाही.

शनिवारी सकाळी वेल अर्धा खाली आला होता. रामहरी शिडीवर, कौसल्या खाली, आणि मधल्या वेलाचा भार दोघांच्या हातांवर. शुक्रवारी दाढीला गेला तेव्हा न्हाव्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "किती प्यायचास रं दिवसाला?" आणि तो अर्धी दाढी ठेवून उठून आला होता. ती अर्धी दाढी तशीच होती. तो शिडीवरून उतरला, वेल सोडून दिला, हात पायजम्याला पुसले आणि मोटारसायकलीकडं चालू लागला.

"कुठं निघालाव?"

त्यानं किक मारली. मागं बघितलं नाही.

कौसल्येच्या अंगावर अर्धा वेल लोंबत होता. त्याचं वजन किती, ते तिलाच माहीत. एरवी ती मागं धावली असती. पंधरा वर्षं धावलीच होती, गुत्त्याच्या दारात उभी राहून बोंबललीही होती. आज तिनं वेल हळूच खाली ठेवला आणि फोन हातात घेतला. जिच्यामुळं ज्याची रोजीरोटी गेली, तिनं त्यालाच फोन करायचा! बटण दाबताना तिला आपल्या बोटाचीही लाज वाटली.

"शाहिदभाऊ, त्ये गेले."

शाहिद म्हणाला, "कळसच्या रस्त्यानं का इंदापूरच्या?"

"कळसच्या. शाहिदभाऊ, तुमाला कुठल्या तोंडानं सांगू—"

"ते ऱ्हाऊ द्या. तुमी मागं येऊ नका, वैनी. बायकू मागं आली की माणूस हट्टानं पितो. मी करून बसलोय." फोन बंद झाला.

पुढचं तिला रामहरीनंच नंतर सांगितलं. गुत्त्याच्या सिमेंटच्या पायरीवर तो बसला होता, बाटली हातात, बूच लावलेलंच. शाहिद आला आणि शेजारी बसला. 'घेऊ नको' म्हणाला नाही, पोराबाळांचं नाव काढलं नाही. म्हणाला, "मला बी आज लई वाटतंय रं. अम्मी दोन दिस जेवली न्हाई. तू फोडलीस तर मी बी फोडीन. तू उठलास तर मी बी उठीन." दोघं त्या उन्हात बसून राहिले. येणारे-जाणारे बघत होते. आता बघून बघून काय बघणार होते! तेवढ्यात शाहिदचा फोन वाजला. सर्जेरावांची बायको, राजेश्वरीकाकू. सर्जेरावांनी सकाळपासून दार लावून घेतलं होतं. आदल्या दिवशी व्याह्यांचा फोन आला होता, "आधी का सांगितलं न्हाई?" म्हणून. आणि नातवानं मांडीवर बसून विचारलं होतं, "आबा, तुमी दारू पेत व्हता?" आतून बाटलीचा आवाज आला होता.

नऊ वर्षं. नऊ वर्षं त्या माणसानं दर गुरुवारी तीस किलोमीटर गाडी मारून दुसऱ्यांना उभं केलं होतं.

रामहरीनं बाटली पायरीवर ठेवली आणि एकाच गाडीवर दोघं डाळजला गेले. दुपारी त्याचा फोन आला. "मी हितं डाळजला हाय. घेतली न्हाय. दार उघडलंय त्यांनी. मी हितंच ऱ्हातो." तो एवढंच बोलला. कौसल्या मळ्यात मटकन खाली बसली आणि पोटभर रडली.

रविवारी नऊ वाजता जीप दारात आली. "रामभाऊ कुठंयत?" कार्यकर्त्यानं विचारलं.

"गावाला गेल्यात."

"मग तुमी चला, वैनी. त्यांच्या वतीनं घ्या. दादांनी सांगितलंय."

ती गेली. का गेली, असं पुढं आप्पांनी विचारलं, तर म्हणाली, "माझा राग मला घिऊन गेला."

मंडप भरला होता. स्टेजवर पाहुण्यांच्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. निवेदक एकेक नाव पुकारत होता, कुणी उठत नव्हतं, आणि मागं खसखस पिकत होती. रणजितदादांनी स्वतः माइक घेतला. "आपले बांधव संकोचानं आले नाहीत. पण वहिनी आल्यात. दोन शब्द बोलतील." शाल तिच्या खांद्यावर आली, नारळ हातात, पुढ्यात माइक. फोटोवाला खाली बसून नेम धरत होता.

कौसल्येच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं, राजेश्वरीकाकूंनी रात्री फोनवर रडत सांगितलेलं. नऊ वर्षं न शिवलेला माणूस तुमच्या या बोर्डापायी काल प्याला. एवढं एक वाक्य टाकलं असतं, तर मंडप गार पडला असता, आणि रणजितदादांना खाली बघावं लागलं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण ते सर्जेरावांचं होतं. आठ बायांत बसून तिनं एकदा दुसऱ्याचं सांगून टाकलं होतं. आता चारशे माणसांत पुन्हा तेच करणार होती, फक्त या वेळी रागापायी. तिनं ते वाक्य गिळलं.

"त्ये तिघं येणार न्हाईत," ती म्हणाली. आवाज साऊंडमधून केवढा तरी मोठा आला, ती स्वतःच दचकली. "त्यांचं मी काय बी सांगणार न्हाय. ते माझं न्हवं. माझं तेवढं सांगते."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

"मागल्या इलेक्शनला, मतदानाच्या दोन दिस आधी, माझ्या दारात एक जीप थांबली. आत्ता मला आणली तीच. एक बाटल्यांचा खोका उतरवला. दादांनी पाठीवलाय म्हणले. मी माझ्या ह्या हातानं घेतला. दादांचं नाव सांगितलं, नको कसं म्हणायचं? घरात माणूस आठ दिस घेत नव्हता, कुठं जरा सावरत व्हता. म्या तो खोका आत नेऊन ठेवला. पाहुण्याची मिठाई ठेवावी तसा. तिसऱ्या दिशी माझा मालक शिडीवरनं पडला."

"वैनी—" रणजितदादा पुढं आले.

"थांबा, दादा. तुमी बोलायला लावलंय." ती आता थांबत नव्हती. "खोका देताना बोर्ड न्हाय लावला तुमी. कुणाकुणाच्या दारात उतरवला, त्येंची नावं न्हाय लिवली. आडनावासकट. देणाऱ्याचं नाव गुपित, आन् सोडणाऱ्याचं चौकात! माणूस पडला तवा तुमी कुठं व्हता? उभा ऱ्हायला तर त्येच्या डोक्यावर आपलं तोंड लावायला आलाव."

कुणीतरी साऊंड बंद केला. तिला ते कळलं नाही. ती बिनमाइकची बोलत राहिली आणि पुढच्या चार ओळींना तरी ऐकू आलं. मग तिनं शाल काढली, घडी घातली, नारळ तिच्यावर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीत ठेवून ती खाली उतरली. बायांच्या बाजूनं जाताना एकही बाई हसली नाही. पुरुषांच्या बाजूला बरेच जण आपल्या पायाकडं बघत होते. खोके पुष्कळ दारांत उतरले होते.

त्यामुळं फार काही झालं असं समजू नका. रणजितदादांनी संध्याकाळी "वहिनींची मनःस्थिती ठीक नाही" असं फोनवरच्या गटात टाकलं आणि पुष्कळांनी हात जोडले. बोर्ड कुणी उतरवला नाही. चार दिवसांनी त्याच चौकटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड चढला, तेव्हा तिघं त्याच्याखाली गेले. शाहिदला व्हॅन परत मिळाली नाही. तो आता मळ्यात मजुरीला येतो, आणि लव्हाळ्याची गाठ त्याला अजून नीट बसत नाही. दूध केंद्राच्या खोलीचं कुलूप मालकानं बदललं.

पुढच्या गुरुवारी बैठक मळ्यातच भरली. शेवरीच्या सावलीत, उतरवलेल्या वेलांच्या सऱ्यांमध्ये, रस्त्यावरून दिसत नाही अशा जागी पोती अंथरली. आले पाच. सर्जेराव सगळ्यांत शेवटी आले, राजेश्वरीकाकूंनी गाडीवरून आणून सोडलं. चेहरा सुजलेला, टोपी हातात. बसले आणि म्हणाले, "मी सर्जेराव. आज पाचवा दिस." नऊ वर्षांचा माणूस पाचव्या दिवसावर आला होता. कुणी च्च-च्च केलं नाही. रामहरी सरकला आणि त्यांना पोत्यावर जागा करून दिली.

कौसल्येनं एवढंच ऐकलं, कारण ती लगेच बांधाकडं निघून आली होती. कुणी वाट चुकून इकडं येऊ नये म्हणून ती तिथं खुरपं घेऊन बसली. तशी बसली असता बांधावरून एक बाई येताना दिसली. चांगल्या घरातली, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, हातात चपला. चिखल नव्हता, आवाज होऊ नये म्हणून काढल्या असाव्यात. ती मंडपात होती की काय, कौसल्येला आठवेना.

"ती बैठक म्हणत्यात... हितंच असती का?" बाईनं इकडंतिकडं बघत विचारलं. "माझं थोरलं पोरगं... त्याचं नाव..."

"ताई," कौसल्येनं तिच्या हातावर हात ठेवला, "नाव सांगू नका. मला बी न्हाय. त्याला गुरुवारी नुसतं बांधापतूर आणून सोडा."